पाकाची तार आणि हलव्याचा काटा

संक्रांतीचा काटेरी हलवा घरी करणारे आता पुण्यातही फार उरलेले नाहीत. डिसेंबर सरायला लागला की तुळशीबागेत हलव्याचे दागिने मांडले जातात. नव्या सुनेचं मंगळसूत्र, बाजूबंद, बोरन्हाणाच्या बाळाचा मुकुट आणि बासरी, सगळं तयार मिळतं. तक्रार म्हणून नाही सांगत. दिवसचे दिवस तिळावर पाकाचे थेंब सोडत बसणं हे ज्याला हौस त्यानंच करावं. पण स्फटिक कसा वाढतो हे इतक्या उघडपणे दाखवणारा दुसरा पदार्थ आपल्या सणावारांत नाही, आणि त्यासाठी लागतं काय? परात, साखर, मूठभर तीळ.

हलवा, गुढीपाडव्याच्या गाठी, तिळाची वडी, दिवाळीतले पाकातले रव्याचे लाडू. या सगळ्यांची सुरुवात पाकानंच होते. पुढे प्रत्येकाची वाट वेगळी, आणि ती ठरते एकाच प्रश्नावर: विरघळलेल्या साखरेला पुन्हा स्फटिक होऊ द्यायचं की नाही? द्यायचं तर किती घाईनं?

आधी पाक म्हणजे काय ते पाहू. २० अंश सेल्सिअसच्या १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते, म्हणजे पाण्याच्या दुप्पट. पाणी १०० अंशांवर असेल तर हाच आकडा ४८० ग्रॅमच्या पुढे जातो. असा भरगच्च गरम पाक गॅसवरून उतरवून निवत ठेवला, की त्यात मावेल त्याहून जास्त साखर असते. तरी ती लगेच दाणे धरत नाही. अशा द्रावणाला अतिसंपृक्त म्हणतात. लग्नात पानं वाढून झाली तरी पहिला माणूस पाटावर बसेपर्यंत मंडळी उभीच असतात, आणि एक बसला की बघता बघता पंगत भरते. साखरेच्या रेणूंचंही तसंच, पहिलं कुणीतरी बसावं लागतं. कढईच्या कडेला राहिलेला एखादा न विरघळलेला दाणा, डावाला चिकटलेली कोरडी साखर, कधी नुसतं जोरात ढवळणं, एवढ्यानं अख्ख्या पाकाची साखर होते. म्हणून कढईच्या कडा ओल्या फडक्यानं पुसून घ्यायच्या आणि साखर विरघळली की ढवळणं थांबवायचं.

आता तार. अंगठा आणि तर्जनीत पाकाचा थेंब धरून बोटं हळूच लांब करायची आणि मध्ये एक तार ताणली जाते की दोन ते बघायचं, हे आपल्याकडचं मोजमाप. ते कच्चं वाटतं, पण मला ते थर्मामीटरपेक्षा भरवशाचं वाटतं आणि त्याला कारण आहे. पाक उकळताना पाणी उडून जातं, साखरेचं प्रमाण वाढतं आणि त्याबरोबर उकळबिंदूही चढत जातो. समुद्रसपाटीला एकतारी पाक १०४ ते ११० अंशांच्या दरम्यान कुठेतरी असतो, पाण्यात टाकल्यावर मऊ गोळी होणारा पाक ११२ ते ११६, आणि टाकताच कडक होऊन मोडणारा पाक १४६ ते १५४. परदेशी कृतींमध्ये हेच आकडे छापलेले असतात. पण पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. इथे साधं पाणीच ९८ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून पाकाचे सगळे आकडे जवळपास दोन अंशांनी खाली येतात. महाबळेश्वरला सुमारे साडेचार अंशांनी. थर्मामीटर बघून पाक केला तर पुण्यात तो ठरल्यापेक्षा पुढे जातो. बोटांची तार मात्र तापमान मोजतच नाही. ती थेट पाकाचा चिकटपणा जोखते, आणि तो उंचीप्रमाणे बदलत नाही.

शिवाय ही परीक्षा भलतीच नाजूक आहे. २० अंशांवर ६० टक्के साखरेचं द्रावण पाण्याच्या पन्नास-साठपट चिकट असतं. ७० टक्क्यांवर गेलं की तोच आकडा ४०० च्या पुढे. साखर वाढली जेमतेम दहा टक्के, चिकटपणा कितीतरी पटींनी. म्हणून तार एकदम ‘येते’. आता नव्हती, आता आहे. आणि दोनतारी व्हायलाही फार वेळ लागत नाही, हे ज्यांचा फोन नेमका त्याच वेळी वाजलाय त्यांना सांगायला नको.

एकच साखर किती रूपं घेते ते बघण्यासारखं आहे. दोऱ्यावरची खडीसाखर हे सर्वांत सावकाश रूप. पाक हळूहळू निवत, काही दिवस न हलवता ठेवला की मोजकेच स्फटिक जन्मतात आणि पुरेसा वेळ मिळाल्यामुळे मोठे, पारदर्शक होतात. गाठीचं अगदी उलट. गुढीला कडुलिंबाबरोबर जी माळ लावतो तिच्यासाठी घट्ट पाक घोटून पांढुरका करतात आणि दोरा ठेवलेल्या लाकडी साच्यात ओततात. घरी करणारे शेवटी त्यात चमचाभर पिठीसाखर टाकतात. तो चमचा म्हणजे हजारो तयार बिया. सगळीकडे एकाच वेळी बारीक स्फटिक उठतात, त्यांच्या असंख्य कडांवरून प्रकाश विखुरतो आणि गाठ पांढरीशुभ्र दिसते. रंग घातलेला नसतो, खडीसाखरेतही तीच साखर असते. साखर कारखान्यातही हेच करतात, फक्त मोठ्या प्रमाणावर. तिथे कमी दाबाखाली ६५-७० अंशांच्या आसपास रस उकळवतात, म्हणजे साखर करपत नाही, आणि योग्य वेळी अतिशय बारीक दळलेली साखर बी म्हणून सोडतात. ही बी किती आणि केव्हा टाकायची यावर दाण्याचा आकार ठरतो. पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, १९७५ पासूनची. तिथल्या शिक्षणाचा मोठा भाग या दाण्याभोवतीच फिरतो म्हणा ना.

हलवा या दोन्हींच्या मधला, आणि दोघांपेक्षा चमत्कारिक.

कृती ऐकायला सोपी आहे. साखरेत ती भिजेल इतकंच पाणी घालून एकतारी पाक करायचा. उकळताना त्यात चमचाभर दूध घालतात. दुधातली प्रथिनं फाटून एकत्र येतात, पाकातला कचरा सोबत घेऊन वर तरंगतात, ती मळी काढून टाकायची. परात मंद आचेवर किंवा गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवायची, त्यात भाजलेले तीळ. खसखस, साबुदाणा, लवंग, भोपळ्याच्या बिया, काहीही चालतं. मग अर्धा चमचा पाक सोडायचा आणि बोटांनी दाणे फिरवत राहायचं. ओले असताना दाणे मुके असतात, एकमेकांना धरून सरकतात. पाणी उडालं की सुटे होतात आणि परातीत बारीक खुळखुळायला लागतात. तो आवाज आला की पुढचा अर्धा चमचा. घाईनं दोन चमचे ओतले तर दाण्यांचे गठ्ठे होतात.

पहिल्या दिवशी काटा वगैरे काही दिसत नाही. तीळ नुसते पांढुरके, गुळगुळीत होतात, आणि नवशिक्याला वाटतं आपलं चुकलं. पुढच्या बैठकीत दाण्याच्या अंगावर पुळ्या उठतात, अगदी बारीक, खिडकीच्या तिरप्या उजेडात धरल्या तरच दिसतील अशा. त्यानंतर प्रत्येक चमच्याबरोबर पुळ्या लांबतात, मधली जागा तशीच राहते. अशाच वाढत वाढत त्यांचे काटे होतात.

का होतात? पाक सगळ्या बाजूंनी सारखा लागतो, दाणा सगळ्या बाजूंनी सारखा फिरतो. मग गुळगुळीत गोळी व्हायला हवी. नेमका हाच प्रश्न जपानचे भौतिकशास्त्रज्ञ तोराहिको तेरादा (१८७८–१९३५) यांना १९२० च्या दशकात पडला होता, त्यांच्याकडच्या गोळीवरून. कोनपेतो नावाची ती काटेरी साखरगोळी आपल्या हलव्याची बहीण शोभावी अशी आहे. पोर्तुगीज तिथे १६व्या शतकात घेऊन गेले, आणि १५६९ मध्ये लुईस फ्रोईस या धर्मोपदेशकानं ती ओदा नोबुनागा या तिथल्या बलाढ्य सरदाराला भेट दिल्याची नोंद आहे. तिच्याही पोटात पूर्वी खसखस किंवा तीळ असत. तापलेल्या, तिरप्या, फिरत्या कढईत ती घडायला साधारण दोन आठवडे लागतात. तेरादांचं म्हणणं असं की सगळीकडे सारखेपणा असला तरी सूक्ष्म योगायोगानं कुठेतरी किंचित उंचवटा येतोच, आणि प्रश्न असा की तो उंचवटा पुढे मिटतो की वाढतो.

हलव्यात तो वाढतो. ढोबळ कारण असं: जो भाग किंचित वर आलाय तोच आधी परातीच्या ओल्या तळाला आणि शेजारच्या ओल्या दाण्याला लागतो, म्हणून पाक त्यालाच जास्त मिळतो. तो पुढे आल्यामुळे त्याला हवाही जास्त बाजूंनी लागते, म्हणून तो लवकर वाळतो, आणि तिथली साखर आधी दाणे धरते. मधल्या खळग्यापर्यंत पाक पोचेस्तोवर टोक पुढे निघून गेलेलं असतं. दोन काट्यांच्या मध्ये तिसऱ्याला डोकं वर काढायला वाव मिळत नाही, म्हणून काटे साधारण एकमेकांपासून अंतर राखून येतात. जोरात ढवळलं तर टोकं घासून जातात आणि गोळी गुळगुळीत होते. मुखवासातल्या साखरेच्या बडीशेपेला काटे नसतात ते यामुळेच. ती फिरत्या भांड्यात पातळ पाकाचे थर देत, दाणे एकमेकांवर सतत घासत करतात.

हलव्याला हातच का लागतो, तेही यातून कळतं. बोटं दाण्यांना ढकलतात, पण घासून काढत नाहीत. शिवाय परात बोटांना सोसवेल इतकीच तापलेली राहते. त्याहून गरम झाली तर हात आपोआप उचलला जातो आणि आच कमी केली जाते. आणि संक्रांतीच्याच दिवसांत का? पुण्यात जानेवारीची हवा कोरडी असते, पहाटे पारा १०-१२ अंशांवर येतो. पाकातलं पाणी कोरड्या हवेत झटकन उडतं आणि पाक वरून लवकर निवतो. श्रावणात हाच उद्योग करून बघावा, परातीत चिकट लगदा मिळेल.

आता उलट बाजू, म्हणजे जिथे दाणा नको असतो. चिरोट्याच्या किंवा गुलाबजामच्या पाकात लिंबू पिळतात ते चवीपुरतं नसतं. आम्लामुळे साखरेच्या रेणूचे दोन तुकडे होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. हे तुकडे साखरेच्या स्फटिकात नीट बसत नाहीत, वाटेत आडवे येतात आणि पाक पातळच राहतो. हलव्याच्या किंवा गाठीच्या पाकात मात्र लिंबाचा थेंबही नको, अख्खी मेहनत वाया जाईल.

गुळात हे दोन्ही तुकडे मुळातच थोडे असतात, म्हणून तिळाच्या वडीला लिंबू लागत नाही. कडक वडीसाठी पाक इतका आटवतात की त्यात पाणी जेमतेम एखादा टक्का उरतं. थेंब पाण्यात टाकून ताटलीवर आपटला की टण्ण वाजायला हवा, ही त्याची खूण. तो तूप लावलेल्या ताटात थापला की इतक्या पटकन निवतो की रेणूंना रांगेत बसायला फुरसतच मिळत नाही. असतील तिथे थिजतात. स्फटिक नाही, ही चक्क काच. म्हणून वड्या गरम असतानाच कापायच्या. निवल्यावर सुरी लावली तर खिडकीच्या काचेसारख्या वाटेल तशा तडकतात. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की गुळातल्या आम्लाशी आणि उष्णतेशी गाठ पडून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात, आणि वडी खुसखुशीत होते. या काचेचा शत्रू एकच, ओलावा. हवेतलं थोडं पाणी शोषलं तरी ती मऊ पडते, चिकट होते. चिकीसाठी नाव झालंय लोणावळ्याचं, जिथे पावसाळ्यात भिंतींना पाणी सुटतं! हवाबंद पुडा तिथे चैनीची गोष्ट नाही.

राहिले रव्याचे लाडू. यात एकतारी पाकात भाजलेला रवा घालून झाकून ठेवतात. रवा पाकातलं पाणी पिऊन फुगतो, उरलेला पाक अतिसंपृक्त होतो आणि दोन-तीन तासांत रव्याच्या कणांमध्ये बारीक साखर धरून सगळं बांधलं जातं. लाडू वळायचे ते हे अर्धवट झालं असताना. पाक दोनतारी झाला असेल तर रव्याला प्यायला पाणीच नसतं, आणि कढईतच दगड तयार होतो. तो फेकू नये. हातानं फोडून, गरम दुधाचा हबका मारून, झाकण ठेवून मंद आचेवर वाफ आणली की कडेची साखर पुन्हा विरघळते आणि मिश्रण परत वळण्याजोगं होतं. उलट पाक कच्चा राहिला आणि लाडू बसायला लागले, तर तेच मिश्रण पुन्हा कढईत घालून थोडं पाणी उडवायचं. दूध घातलेले लाडू मात्र चार-पाच दिवसांत संपवावेत, साध्या पाकाइतके ते टिकत नाहीत.