ॲमॉक्सिसिलिन

ॲमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिन गटातील प्रतिजैविक आहे. कान, घसा, सायनस, फुप्फुसे आणि दातांच्या मुळांशी झालेल्या जिवाणूसंसर्गावर डॉक्टर ते लिहून देतात. पुण्याला हा औषधगट नवा नाही. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पिंपरीकर तिला आजही 'एचए' म्हणतात.

जिवाणू वाढताना आपली पेशीभित्तिका बांधत असतो. हे औषध ते बांधकाम रोखते, भिंत कच्ची राहते आणि जिवाणू फुटून मरतो. विषाणूला अशी भिंतच नसते. म्हणून पावसाळ्यात घरोघरी होणारी सर्दी, फ्लू, डेंगी किंवा चिकुनगुनिया यांवर या कॅप्सूलचा काडीचाही उपयोग नाही. निरोगी माणसाच्या रक्तातील औषध साधारण तासाभरात निम्म्यावर येते आणि बहुतांशी लघवीवाटे बाहेर पडते. दिवसातून तीनदा, ठरावीक अंतराने घ्यायला सांगतात ते यासाठीच. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्रा बदलावी लागते, तेव्हा तो डॉक्टरांना आधीच सांगावा. जेवणाआधी की नंतर, याने फारसा फरक पडत नाही. एखादा डोस चुकला तर आठवताच घ्यावा, पण पुढच्या डोसची वेळ झालीच असेल तर चुकलेला सोडून द्यावा. दोन एकदम घेऊ नयेत.

मळमळ, पातळ जुलाब, तोंड येणे हे नेहमीचे त्रास. आपल्याकडे अशा वेळी 'औषध उष्ण पडलं' असे म्हणून ताक प्यायला देतात. पोट थोडे बिघडले असेल तर त्याने काही बिघडत नाही. पण अंगावर लाल, खाजऱ्या गांधी उठल्या तरी घरात 'पित्त उठलं' एवढेच म्हणतात, आमसुलाचे पाणी लावतात आणि पुढची कॅप्सूल वेळेवर देतात. ही चूक जिवावर बेतू शकते. त्या गांधी पेनिसिलिनच्या ॲलर्जीच्या असू शकतात. औषध थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवावे. ओठ किंवा चेहरा सुजला, धाप लागली, तर थेट रुग्णालय गाठावे. जुलाबात रक्त पडले किंवा ते थांबेनात, तरीही डॉक्टरांना कळवावे. ॲलर्जी ठरली, तर औषधाचे नाव फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवावे, कारण पुढच्या वेळी दवाखाना वेगळा असतो आणि स्ट्रिपवरचे कंपनीचे नावही.

स्ट्रिपवरची उभी लाल रेघ म्हणजे हे औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. किती दिवस घ्यायचे ते आजारावर ठरते : स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूने घसा धरला असेल तर, संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपांना इजा होऊ नये म्हणून, सहसा दहा दिवस. ताप दुसऱ्या दिवशी उतरला म्हणून आपल्या मनाने थांबू नये.

लहान मुलांसाठी ड्राय सिरप मिळते. बाटली आधी आपटून भुकटी मोकळी करावी, उकळून पूर्ण गार केलेले पाणी खुणेपर्यंत घालावे आणि हलवावे. फेस बसल्यावर पातळी खाली गेलेली दिसते. तेव्हा पुन्हा खुणेपर्यंत पाणी घालावे, नाहीतर औषध दाट राहून डोस जास्त जातो. मोजायला सोबतचे टोपणच वापरावे, घरातला चमचा नको. पाणी घातल्याची तारीख बाटलीवर लिहावी. लेबलवर दिलेली मुदत, बहुधा सात दिवसांची, संपली की उरलेले टाकून द्यावे.