सवलतीची रेल्वे तिकिटे (अमेरिका)

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील रेल्वे कंपन्या काही अटी घालून कमी भाड्यात देत असत, ती प्रवासी तिकिटे. सहलीचे परतीचे तिकीट, रोज ये-जा करणाऱ्यांचा पास, धर्मोपदेशकांची सूट आणि फिरत्या विक्रेत्यांची मैल-पुस्तिका हे त्यांतले ठळक प्रकार. मैल-पुस्तिकेत बहुधा १,००० मैलांची कूपने असत. प्रवास होईल तेवढी पट्टी कंडक्टर फाडून घेई.

कंपन्यांमधल्या चुरशीमुळे लांबच्या शहराचे तिकीट कधीकधी अलीकडच्या स्थानकाच्या तिकिटापेक्षाही स्वस्त पडे. मार्च १८८७ मध्ये सांता फे आणि सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपन्यांच्या भाडेयुद्धात मिसुरी खोऱ्यातून लॉस एंजेलिसचे भाडे थोड्या काळासाठी १ डॉलरवर उतरले होते. अशा वेळी लोक लांबचे तिकीट काढून मध्येच उतरत आणि उरलेला भाग दलालाला विकत. या दलालांना सरसकट लबाड ठरवणे अन्यायाचे होईल. हातात मोजके पैसे असलेल्या प्रवाशाला परवडणारे तिकीट अनेकदा त्यांच्याकडेच मिळे.

ही विक्री रोखण्यासाठी सवलतीच्या तिकिटावर मुदत, प्रवाशाची सही आणि ‘दुसऱ्याला देता येणार नाही’ अशी अट आली. पण धावत्या गाडीत माणूस ओळखायचा कसा? त्यासाठी काही तिकिटांवर प्रवाशाचे वर्णनच टोचले जाई. केस फिकट, डोळे काळे, नाक मोठे, असे जे लागू पडेल तिथे कंडक्टर चिमट्याने भोक पाडी. छायाचित्राविना केलेली ही ओळखपट्टी फार कल्पक होती. पश्चिमेकडे प्रवास करताना अमेरिकी संशोधक हर्मन हॉलरिथ यांच्या हाती असेच तिकीट आले. १८९० च्या अमेरिकी जनगणनेत वापरलेल्या त्यांच्या छिद्रपत्रांमागची (भोके पाडून माहिती नोंदवण्याच्या कार्डांमागची) एक प्रेरणा हे तिकीट होते, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे.

१८८७ च्या आंतरराज्य वाणिज्य कायद्याने प्रवाशा-प्रवाशांत अन्यायकारक भेदभाव करण्यास मनाई केली. मात्र कलम २२ ने मैल-पुस्तिका, सहलीची तिकिटे, रोज ये-जा करणाऱ्यांचे पास आणि धर्मोपदेशकांची सूट यांना मोकळीक ठेवली. गटाने काढलेल्या तिकिटांवरची सवलत सर्वोच्च न्यायालयाने १८९२ मध्ये वैध ठरवली. १९०६ च्या हेपबर्न कायद्याने फुकट पासांवर कडक बंधने आली. पुढच्याच वर्षी न्यू ऑर्लिन्समधील दलालांच्या खटल्यात, दुसऱ्याला न देता येणाऱ्या तिकिटांचा व्यापार मनाईहुकूम काढून थांबवता येतो, असा निर्णय त्याच न्यायालयाने दिला.