सत्तर आणि तीन: जठराच्या अस्तराचा रक्तातला हिशेब

जेवल्यावर पोट फुगलं की ‘ॲसिड वाढलं’, आणि ॲसिड वाढलं की फार्मसीतून पँटोप्राझोल, म्हणजे ॲसिड दाबणारी गोळी. गोव्यात घरोघरी हेच चालतं, वर वाटीभर सोलकढी. पण दोन घासांत पोट भरणं, जडपणा, ढेकर या तक्रारी ॲसिड कमी झालेल्या जठरातही असतात. ॲसिड बनवणारं अस्तर झिजलंय की नाही, हे नुसत्या लक्षणांवरून कळत नाही, आणि दुर्बिणीची नळी गिळायची म्हटली की माणूस तारीख पुढे ढकलतो. तिथे पेप्सिनोजेन 1 आणि 2 ही रक्ततपासणी कामाला येते.

पेप्सिन हे प्रथिनं फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम. थिओडोर श्वानने ते 1836 मध्ये शोधलं. आता गंमत अशी की ते बनवणाऱ्या पेशीही प्रथिनांच्याच. म्हणून त्या पेप्सिन तयार करतच नाहीत, कुलूपबंद पेप्सिनोजेन करतात. रेणूच्या एका टोकाला सुमारे 45 अमिनो आम्लांची शेपटी असते. तिच्यावरचे धन प्रभार विकराच्या, प्रथिनं जिथे फोडली जातात त्या खाचेजवळच्या ऋण प्रभारांना चिकटतात आणि खाच झाकली जाते. जठरातल्या आम्लात हायड्रोजन आयन त्या ऋण गटांवर बसतात, प्रभार नाहीसा होतो, पकड सुटते. मग रेणू स्वतःची शेपटी स्वतःच कापतो. रक्ताचा पीएच 7.4, तिथे ही पकड सुटत नाही. म्हणून जठरातून सुमारे एक टक्का पेप्सिनोजेन रक्तात झिरपलं तरी ते निद्रिस्तच राहतं आणि आपल्याला मोजता येतं.

खरी मेख मात्र भूगोलात आहे. पेप्सिनोजेन 1 येतं ते जठराच्या वरच्या आणि मधल्या भागातल्या आम्ल स्रवणाऱ्या ग्रंथींतून. पेप्सिनोजेन 2 तिथूनही येतं, शिवाय जठराच्या दोन्ही टोकांकडून आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातूनही. पहिलं म्हणजे कुळागरातली, म्हणजे गोव्याच्या पोफळीच्या बागेतली सुपारी. दुसरं म्हणजे नारळ, कुळागरात आहे, परसात आहे, शेताच्या बांधावरही आहे. कुळागर सुकलं तर सुपारी आटते, नारळ बाजारात येतच राहतो. म्हणून एका आकड्यापेक्षा दोघांचं गुणोत्तर, म्हणजे पहिलं भागिले दुसरं, जास्त बोलकं.

जपानमध्ये रूढ झालेली मर्यादा अशी: पेप्सिनोजेन 1 सत्तर नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर किंवा कमी, आणि गुणोत्तर 3 किंवा कमी. दोन्ही अटी एकदम लागू व्हायला हव्यात. पहिलं 60 आणि दुसरं 10 असेल तर गुणोत्तर 6. काळजीचं कारण नाही. तेच 60 आणि दुसरं 25 असेल तर 2.4; झीज झाल्याचा संशय. काही किटमध्ये पहिल्याची मर्यादा 30 असते, म्हणून रिपोर्टवर छापलेलीच मर्यादा धरावी. एकक मायक्रोग्रॅम प्रति लिटर दिसलं तर गोंधळू नये, आकडा तोच राहतो.

रक्त सकाळी उपाशीपोटी, साध्या नळीत. अर्धा तास गोठू द्यायचं, यंत्रात गरगर फिरवून वरचं पिवळसर सीरम वेगळं काढायचं आणि थंड ठेवायचं. मे महिन्यात काणकोणहून नमुना बर्फाविना गाडीत टाकून पाठवला, तर पुढचं यंत्र कितीही महाग असो, उपयोग नाही.

सगळ्यात मोठा घोळ त्या पँटोप्राझोलचाच. त्याने दोन्ही पेप्सिनोजेनं वाढतात आणि झिजलेलं अस्तरही कागदावर बरं दिसू शकतं. मूत्रपिंड निकामी होत असेल तरी पहिलं चढतं. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातल्या जंतूची ताजी सूज असेल तर दोन्ही वाढतात, दुसरं जास्त. जंतूवर उपचार झाले की गुणोत्तर पुन्हा वर येतं. म्हणून गोळी किती दिवस बंद ठेवायची ते डॉक्टरांना विचारूनच रक्त द्यावं.

‘एका थेंबात पोटाचा कॅन्सर ओळखा’ म्हणणारी पॅकेजं मात्र ‘डिटॉक्स’च्या काढ्यांच्याच रांगेत बसवावीत. ही तपासणी झीज सांगते, गाठ नाही. झीज न होता पसरणारा कॅन्सर तिच्या नजरेतून निसटतो, आणि फक्त खालच्या टोकाला झीज असेल तर पेप्सिनोजेन 1 जवळपास जैसे थे राहतं. गुणोत्तर कमी आलं तर दुर्बिणीची नळी टळत नाही. जठराच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही भागांतले अस्तराचे तुकडे तपासावे लागतात.

सोबत बी-12 मोजून घ्यावं. रोज हुमण-भात जेवणाऱ्याचं बी-12 कमी आलं, तर मासळीत शोधून उपयोग नाही. ते शोषून घ्यायला लागणारा इन्ट्रिन्सिक फॅक्टर त्याच आम्ल स्रवणाऱ्या ग्रंथींत बनतो.