पेसमेकर की आयसीडी? चुंबक एकच, परिणाम वेगळा

‘छातीत मशीन बसवलंय’ एवढंच पेशंट सांगतो. भूलतज्ज्ञाला तेवढ्यावर भागत नाही. पेसमेकर आणि आयसीडी, दोन्ही बहुतेक वेळा कॉलरबोनखाली कातडीच्या आत असतात आणि हाताला जवळपास सारखीच लागतात. पेसमेकर मंदावलेल्या हृदयाला ठोके पुरवतो. आयसीडी जीवघेण्या जलद ठोक्यांवर आतूनच शॉक देतो, आणि बहुतेक आयसीडी गरजेप्रमाणे पेसिंगही करतात.

ऑपरेशनमध्ये खरी अडचण कॉटरीची, म्हणजे विजेच्या करंटने कापणाऱ्या आणि रक्त थांबवणाऱ्या उपकरणाची. मोनोपोलर कॉटरीचा करंट पेनच्या टोकातून शरीरात शिरतो आणि अंगाला चिकटवलेल्या पॅडमधून बाहेर पडतो. तो मशीनपासून हृदयात गेलेल्या वायरीपर्यंत पोचला की पेसमेकरला वाटतं, हृदय आपलं आपण चाललंय. मग तो ठोके देणं थांबवतो. ज्याचं हृदय सर्वस्वी पेसमेकरवर आहे, त्याची नाडी तेवढा वेळ नाहीशी होते. आयसीडी मात्र त्याच करंटला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन (हृदयाची जीवघेणी थरथर) समजून शॉक देऊ शकतो.

‘वर मॅग्नेट ठेवा, झालं’ असं ओटीत सर्रास म्हटलं जातं. मला हे वाक्य धोक्याचं वाटतं. पेसमेकरवर चुंबक ठेवला की तो सहसा आतल्या सिग्नलकडे न बघता ठरलेल्या गतीने ठोके देत राहतो: बॅटरी चांगली असेल तर मेडट्रॉनिकचा मिनिटाला ८५, बोस्टन सायंटिफिकचा १००. आयसीडीवर तोच चुंबक फक्त शॉक थांबवतो. पेसिंग होतं तसंच राहतं. म्हणजे आयसीडीचा पेशंट पेसिंगवरही अवलंबून असेल, तर वर चुंबक असतानाही कॉटरीमुळे त्याचे ठोके थांबू शकतात. अशा वेळी प्रोग्रामर (मशीनची सेटिंग बाहेरून बदलणारं यंत्र) आणून पेसिंगचा मोड बदलून घ्यावाच लागतो. मायक्रा या बिनवायरीच्या पेसमेकरला तर चुंबक कळतच नाही, त्यात तो ओळखणारा सेन्सरच नाही.

ऑपरेशन बेंबीच्या खाली असेल तर धोका बराच कमी. वर असेल तर पॅड अशा जागी लावतात की करंटची वाट मशीनवरून जाणार नाही. खांद्याच्या ऑपरेशनला त्याच बाजूच्या दंडावर. जमेल तिथे बायपोलर कॉटरी (हिचा करंट चिमट्याच्या दोन टोकांमध्येच फिरतो), नाहीतर मोनोपोलर थोडी थोडी, एका वेळी पाच सेकंदांच्या आत. कॉटरी चालू असताना ईसीजीच्या रेषेचा नुसता गिचमिड काला होतो, म्हणून डोळे बोटावरच्या पल्स ऑक्सिमीटरच्या लाटेवर ठेवायचे. लाट सपाट झाली की सर्जनला तिथल्या तिथे थांबवायचं.

आयसीडीचे शॉक बंद असेपर्यंत बाहेरचा डिफिब्रिलेटर (छातीवरून शॉक देणारं मशीन) हाताशी आणि पेशंट मॉनिटरवर हवाच. चुंबक काढला की शॉक बहुधा आपोआप सुरू होतात; प्रोग्रामरने बंद केले असतील तर ते कुणीतरी आठवणीने सुरू करावे लागतात. नातेवाइकांनी ऑपरेशनआधी डिव्हाइस कार्ड (बसवलेल्या मशीनची माहिती असलेलं) भूलतज्ज्ञाच्या हाती द्यावं, आणि पेशंटला वॉर्डात हलवण्याआधी ‘शॉक परत चालू केले का?’ हे स्पष्ट विचारावं.