पूर्णेला गाडी उलटी का होते? थोडी पार्श्वभूमी

पूर्णा म्हणजे परभणी आणि नांदेडच्या मधलं रेल्वे जंक्शन. अकोल्याकडून नांदेडला निघालेल्या गाडीत पहिल्यांदा बसलेला माणूस इथं हमखास गोंधळतो. गाडी थांबते, वीसेक मिनिटं हलत नाही, आणि मग ज्या तोंडाने आली त्याच तोंडाने बाहेर पडायला लागते. तो उठून दारात जातो, खाली वाकून बघतो, आणि शेजारचा म्हातारा डोळे पण न उघडता म्हणतो, "बसा हो, इंजिन काढून दुसरीकून लावायलेत." पूर्णा बघायला म्हणून कुणी येत नाही हे मान्य, पण यायचं असेल तर ही वीस मिनिटं समजून घ्या, गावाचा अर्धा इतिहास त्यातच आहे.

जुनं पटकन सांगतो. सिकंदराबाद ते मनमाड ही निजामाच्या राज्यातली मीटरगेज 1900 च्या आसपास सुरू झाली, मीटरगेज म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर, कारण ते स्वस्त. नंतर 1912 ला पूर्णेवरून हिंगोलीचा फाटा काढला, आणि तो स्टेशनच्या नांदेडकडच्या टोकाला जोडला. म्हणून परभणीकडून येणारी गाडी हिंगोलीकडं सरळ जाते आणि नांदेडवाल्याला उलटं व्हावं लागतं. तेव्हा तो नुसता फाटाच होता, पुढं रस्ता बंद, त्यामुळं कुणाला फरक पडत नव्हता. 1960 च्या सुमारास हिंगोलीवरून अकोला, खांडवा जोडलं गेलं आणि उत्तरेची मीटरगेज दक्षिणेच्या मीटरगेजला मिळाली. जयपूर ते हैदराबाद धावणारी मीनाक्षी एक्स्प्रेस पूर्णेवरून जायला लागली, आणि नदीकाठचं एक गाव एकदम राजस्थान आणि आंध्रच्या मधला नाका झालं.

नदीवरून आठवलं, नावाचा एक घोळ आहे. आपली पूर्णा येलदरी, सिद्धेश्वर करत येते आणि गावाच्या खाली गोदावरीला मिळते. याच लाईनने वर गेलात की अकोल्याच्या पुढं गांधीग्रामजवळ परत एक पूर्णा लागते, ती तापीची. पूर्णेहून निघून पूर्णा ओलांडायची, असला प्रकार. जुन्या लोकांना याची मोठी गंमत वाटायची.

मला नीट माहीत असलेला काळ मीटरगेजच्या शेवटचा, ऐंशीचं दशक आणि नव्वदची सुरुवात. कोळशाच्या इंजिनाला पाणी लागतं, आग साफ करावी लागते, ड्रायव्हर-फायरमन बदलावे लागतात, आणि हे सगळं करायचं ठिकाण पूर्णा. इंजिनं ठेवायची लोकोशेड, ड्रायव्हर-गार्डना झोपायला रनिंग रूम, रेल्वेवाल्यांचा क्लब म्हणजे इन्स्टिट्यूट, आणि लाल विटांच्या क्वार्टरच्या रांगा. आमच्या आजोबांची नोकरी लोकोतली. रात्री दोनला ड्युटीचा निरोप घेऊन कॉलबॉय यायचा, हातात कंदील आणि काखेत वही, दाराची कडी वाजवून "कॉल हाय" म्हणायचा. आजोबा अर्धवट झोपेत सही करायचे, आजी तोवर स्टोव्ह पेटवायची, आणि डब्यात भाकरी-ठेचा बांधून होईस्तोवर शेजारच्या तीन घरांत पण दिवे लागलेले असायचे. क्वार्टरमधे तेलुगू, उर्दू, हिंदी, मराठी सगळं एकाच नळावर चालायचं. गावातल्या दुकानदारांचं कॅलेंडर रेल्वेच्या पगाराला बांधलेलं. आंबेडकरी चळवळ आणि बुद्ध विहारासाठी गाव पुढं ओळखलं गेलं त्याच्यामागं पण ही पगारदार कामगार वस्ती आहे असं माझं मत.

आता मुख्य भांडणाकडं येतो, म्हणजे आपल्या लाईनचा कारभार मुंबईकडं हवा का सिकंदराबादकडं, कारण तुम्ही इथं चहाच्या गाड्यावर पाच मिनिटं जरी उभे राहिलात तरी हा विषय निघणार.

शब्दच फसवा आहे. "मध्य रेल्वे" आणि "दक्षिण मध्य रेल्वे". ऐकणाऱ्याला वाटतं दुसरी ही पहिलीचाच दक्षिणेकडचा तुकडा असेल. तसं नाही, दोन वेगळे झोन आहेत (झोन म्हणजे रेल्वेच्या कारभाराचा मोठा भाग, त्याच्या पोटात विभाग), एकाचं मुख्यालय मुंबईत आणि दुसऱ्याचं सिकंदराबादला. आणि गंमत अशी की मराठवाड्याची ही लाईन आधी मुंबईकडंच होती. 1951 ला निजामाची रेल्वे नव्या मध्य रेल्वेत गेली आणि पंधरा वर्षं तिथंच राहिली. मग 2 ऑक्टोबर 1966 ला दक्षिण मध्य झोन तयार केला, त्यात सोलापूर विभाग घातला आणि सिकंदराबाद विभागासोबत आपली लाईन पण गेली. बरोबर अकरा वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1977 ला, सोलापूर परत मुंबईकडं दिलं. आपलं नाही दिलं.

का नाही दिलं, याचं उत्तर देणारे दोन प्रकारचे लोक भेटतील. एक म्हणतात कारण साधं आहे, गेज. सोलापूरची मेन लाईन ब्रॉडगेज म्हणजे रुंद रुळांची, ती मुंबईला सरळ जुळते. आपली मीटरगेज, मनमाडला येऊन संपते, तिथं माणसं गाडी बदलतात आणि हमाल माल या डब्यातून त्या डब्यात टाकतात. इंजिनाची मोठी दुरुस्ती सिकंदराबादजवळच्या लालागुड्याच्या वर्कशॉपला, डबे तिकडचे, ड्रायव्हर तिकडून बदलीवर येणारे, मग कारभार मुंबईहून कसा करणार? हे मला पटतं, त्या काळापुरतं. दुसरे म्हणतात की गेज बदललं त्या दिवशी हे कारण मेलं, मग अजून कशाला? मनमाड-औरंगाबाद 1992 ला ब्रॉडगेज झालं, दोन-चार वर्षांत काम परभणी, पूर्णा करत नांदेडच्या पुढं गेलं, आणि त्यासाठी मराठवाड्याने वर्षानुवर्षं मोर्चे आणि रेल रोको केले होते. रूळ मुंबईला जोडला गेला, फाईल सिकंदराबादलाच राहिली. हे मला जास्त पटतं, लपवत नाही.

1978 ला सिकंदराबाद विभाग फोडून हैदराबाद विभाग केला, तेव्हा आपली मीटरगेज त्या नव्या विभागात गेली. 1 एप्रिल 2003 ला त्यातून नांदेड विभाग निघाला. लोकांना वाटलं आता झालं. पण विभाग वेगळा आणि झोन वेगळा, झोन तोच राहिला, म्हणजे गाडी मागायची तर अर्ज नांदेडवरून सिकंदराबादलाच. शिवाय उमरी-धर्माबाद मराठवाड्यात असून हैदराबाद विभागात, लातूर सोलापूर विभागात म्हणजे मुंबईकडं. एका मराठवाड्याचे एवढे मालक. "नांदेड विभाग मध्य रेल्वेला जोडा" ही मागणी त्यातून आली आणि ती अजून चालू आहे.

पूर्णेकरांचं दुखणं याच्या आत अजून एक आहे. विभाग करायचाच होता तर मुख्यालय पूर्णेला का नाही, रेल्वेची एवढी जमीन इथं पडलेली आहे, क्वार्टर आहेत, तीन बाजूच्या लाईनी इथं मिळतात. साहेब लोकांना जिल्ह्याचं गाव लागतं, शाळा, दवाखाने लागतात, म्हणून नांदेड, हे पण खरंच. नांदेड इथून तिसेक किलोमीटर आणि परभणी पण साधारण तेवढंच, दोन्हीच्या मधे अडकलेल्या गावाला असंच होणार.

2008 ला पूर्णा-अकोला पण ब्रॉडगेज झालं. अकोल्याच्या वर मेळघाटातली मीटरगेज 2017 ला बंद पडली. वाघांच्या जंगलातून लाईन न्यायची का वळसा घालायचा, हा वादच वेगळा, पण त्यामुळं खांडव्याकडचा जुना सरळ रस्ता तुटला तो तुटलाच. आता परभणी-मुदखेड डबल लाईन झाली, वर विजेच्या तारा आल्या. कोळशाला थांबायचं नाही, पाण्याला थांबायचं नाही. क्वार्टरच्या काही रांगांत छपरं गेलीत आणि आतून पिंपळ निघालेत, बघायचं असेल तर स्टेशनवरून चालत जा, सकाळचं जा, दुपारी ऊन फार लागतं.

उरलं ते इंजिन फिरवणं. त्यावर पण उपाय सुचवलेला आहे, चुडावा आणि मरसूळच्या मधे बायपास काढायचा, म्हणजे नांदेड-अकोला गाडी पूर्णेत न येताच वळेल. नांदेडचे लोक खूश आहेत, वेळ वाचेल. प्लॅटफॉर्मवर भजे विकणाऱ्या मामाला मी विचारलं तर त्यांनी झारा कढईवर आपटला आणि म्हणले, "अकोल्याची गाडी आली की दोन घाणे जातात बघा." तेवढ्यात अनाऊन्समेंट झाली आणि मामा पीठ कालवायला लागले.