बसमार्गिका : वापराचा हक्क

बसमार्गिका म्हणजे शहरातल्या रस्त्याचा बससाठी राखून ठेवलेला पट्टा. बोलताना लोक 'बसलेन' म्हणतात, आणि पुण्यामुळे अशा कोणत्याही पट्ट्याला 'बीआरटी' (बस रॅपिड ट्रान्झिट) म्हणायची सवय लागली आहे. बीआरटीत उंच फलाट, रस्त्याच्या मधोमध स्थानके असा बराच संसार येतो. साधी बसमार्गिका मात्र रंगाच्या एका पट्ट्यावरही भागते. पट्टा आखायला एक रात्र पुरते. त्यावरून कोणी जायचे याचा वाद वर्षानुवर्षे चालतो, म्हणून ही नोंद मुख्यतः त्या वादाची आहे. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या (स्थापना १९९८) हद्दीत अशी मार्गिका नाही. तरीही पुढची उदाहरणे तिथली आहेत, कारण मुळात 'बस' कशाला म्हणायचे हा प्रश्न सांगली-मिरज रस्त्यावर जितका टोकदार होतो तितका मोठ्या शहरात होत नाही.

शिकागोत १९४० च्या सुमारास अशी मार्गिका आखली गेली. लंडनमध्ये १९६८ साली व्हॉक्सहॉल पुलावर ती आली, आणि ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने १९७४ पासून सगळी शहररचनाच राखीव बसरस्त्यांभोवती बांधली. भारतात पहिला प्रयोग पुण्यात, कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर २००६ मध्ये झाला. त्यानंतर दिल्ली (२००८) आणि अहमदाबाद (२००९).

राखीव पट्ट्यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : 'एवढा रस्ता रिकामा पडलाय, जाऊ द्या की.' हा रिकामेपणा नीट मोजायला हवा. मिनिटाला एक बस सुटली आणि ती ताशी २० किलोमीटरने चालली, तर दोन बसमध्ये सुमारे ३३० मीटर मोकळा रस्ता दिसतो. बसमध्ये ५० माणसे धरली तर त्याच पट्ट्यावरून तासाला ३,००० माणसे जातात. शेजारच्या खचाखच पट्ट्यावरून, चौक आणि सिग्नल सांभाळत, तासाला सात-आठशे मोटारी निघाल्या तरी पुष्कळ. मोटारीत दीड माणूस धरला तर हजार-बाराशे माणसे. ओसाड दिसणारा पट्टा जास्त माणसे नेतो आणि भरलेला कमी. पण हेच गणित उलटेही फिरते. बस दहा मिनिटांनी एक असेल तर तासाला ३०० माणसे होतात, आणि तेवढ्यासाठी दिवसभर रस्ता अडवणे कोणालाच पटणार नाही. सांगलीत मार्गिकेचा विषय काढणाऱ्याने आधी चौकात तासभर उभे राहून बस मोजाव्यात.

मोजायला उभे राहिले की लगेच अडायला होते. सांगली-मिरज मार्गावरची शहरी बस एसटीच चालवते. त्याच रस्त्यावरून तालुक्यांच्या आणि लांब पल्ल्याच्याही लाल गाड्या धावतात, मिरजेकडे कर्नाटकच्या सरकारी बस येतात, रात्री खासगी ट्रॅव्हल्स, सकाळी शाळा-कॉलेजांच्या बस. यांतल्या कोणत्या मोजायच्या? मोटार वाहन कायदा १९८८ इथे एक उपयोगी भेद करतो. थांबे घेत, टप्प्याटप्प्याने भाडे आकारून प्रवासी नेणारी ती 'टप्पा वाहतूक'. ठरवून, एकगठ्ठा प्रवासी नेणारी ती 'कंत्राटी वाहतूक'. गाडीची लांबी किंवा रंग न पाहता हा भेद लावला तर बरीच भांडणे आपोआप मिटतात. थांब्यावर हात करणाऱ्या कोणालाही ठरलेल्या भाड्यात घेणारी गाडी आत, लग्नाचे वऱ्हाड नेणारी बाहेर. विनाथांबा जाणारी एसटी मात्र मधेच लोंबकळते. ती थांब्यावर अडवणूक करत नाही, पण प्रवासीही उचलत नाही. तिला आत घ्यावे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, कारण तिच्यातही चाळीस-पन्नास माणसे असतात.

खरी अडचण वडापची. पश्चिम महाराष्ट्रात माणशी भाडे घेऊन भरेल तशी सुटणारी जीप किंवा रिक्षा म्हणजे वडाप. परवाना कंत्राटी वाहतुकीचा आणि काम टप्प्याचे, असा तिचा दुहेरी संसार. सांगली-मिरज रस्त्यावरच्या विश्रामबागला सकाळी दहाच्या सुमारास हे जवळून दिसते. रिक्षा नेमकी बसथांब्याच्या तोंडाशी येऊन उभी राहते. चालक अर्धा बाहेर वाकून 'मिरज, मिरज, एक सीट' ओरडतो. मागून आलेल्या बसला कडेला लागता येत नाही, ती रस्त्यातच थांबते. कंडक्टर दार उघडतो, पिशवी सावरत एक आजी उतरतात, आणि बस व थांबा यांच्यामधल्या फटीतून दोन मोटारसायकली निघून जातात. 'थांबा की रं जरा' हे त्यांच्या पाठीला ऐकू जाते. उद्या तिथे बसमार्गिका आखली तर पहिला अर्ज या रिक्षांचा येईल, आणि त्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. बस नसते तेव्हा माणसे तेच नेतात. मात्र मार्गिकेला खरा धोका धावणाऱ्या वाहनापासून कमी आणि थांबणाऱ्या वाहनापासून जास्त असतो. वडापला आत घ्यायचे तर तिचा थांबा बसथांब्यापासून वेगळा, रस्त्याच्या बाहेर खाचेत हवा. ते जमत नसेल तर 'फक्त जाऊ दे' ही परवानगी कागदावरच राहते.

लंडनमध्ये असाच वाद काळ्या टॅक्सींवरून झाला. त्यांना बसमार्गिका खुली, फोनवर बोलवायच्या खासगी टॅक्सींना बंद. हे प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले. जानेवारी २०१५ मध्ये न्यायालयाने असा फरक करता येतो असे मानले. रस्त्यात हात केल्यावर थांबणे आणि ठरलेले भाडे घेणे ही बंधने काळ्या टॅक्सीवर आहेत, दुसरीवर नाहीत, हा त्यामागचा एक मुद्दा होता. म्हणजे सवलत बंधनाच्या बदल्यात.

रुग्णवाहिकेबद्दल मतभेद नसतो, निदान बोलताना तरी. मिरज हे दवाखान्यांचे गाव. १८९४ साली सुरू झालेल्या मिशन हॉस्पिटलपासून ही ओळख रुजली, आणि सीमेपलीकडचे रुग्णही इथे येतात. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार १०,००० रुपये दंड होऊ शकतो. पण परवानगी देणे आणि वाट असणे वेगळे. मार्गिकेला दोन्ही बाजूंनी कठडे असतील तर थांब्यावर उभ्या बसमागे रुग्णवाहिका अडकते, सायरन वाजतच राहतो. म्हणून कठडा मधे मधे तुटलेला ठेवावा लागतो, आणि त्याच फटीतून दुचाकी आत घुसतात.

दुचाकींचे दुखणे सांगलीत सगळ्यांत मोठे. लंडनने २०१२ पासून आपल्या मुख्य रस्त्यांवरच्या बहुतेक बसमार्गिका मोटारसायकलींना कायमच्या खुल्या केल्या; तिथे त्या थोड्या आहेत म्हणून चालले. इथे घरटी दुचाकी, काही घरांत तीन. त्यांना आत घेतले की मार्गिका उरतच नाही. सायकलचे तसे नाही. पट्टा चार-साडेचार मीटर रुंद असेल तर बस सायकलला ओलांडू शकते. साडेतीन मीटरच्या पट्ट्यात एक सायकल पूर्ण बसचा वेग ठरवते.

दिलेली सवलत परत घेणे फार कठीण जाते. नॉर्वेने २००५ पासून विजेच्या मोटारींना बसमार्गिका खुली केली. तेव्हा अशा मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. दहा वर्षांत त्यांनीच ऑस्लोकडच्या मार्गिका तुंबवल्या आणि गर्दीच्या वेळी चालकाबरोबर आणखी एक माणूस हवा अशी अट आणावी लागली. दिल्लीत याच्या उलट घडले. आंबेडकर नगर ते मूलचंद या ५.८ किलोमीटरच्या मार्गिकेविरुद्ध मोटारवाल्यांच्या बाजूने याचिका झाली. उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये ती फेटाळली. रस्त्याने वाहने किती गेली यापेक्षा माणसे किती गेली हे पाहावे, हा २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाचा विचार तिथे टिकला. मार्गिका टिकली नाही. २०१६ मध्ये ती उखडण्यात आली.

कायद्याने पाहता, कोणत्या रस्त्यावर कोणते वाहन बंद हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली राज्य सरकार किंवा त्याने नेमलेला अधिकारी ठरवतो. महापालिका फार तर रंग मारून फलक लावू शकते. फलकावर वेळ लिहिता येते, आणि लहान शहराला त्याचाच आधार आहे. सकाळी आणि संध्याकाळी दोन-दोन तास राखीव, एरवी सगळ्यांना खुली अशी मार्गिका दुकानदारांना मालही उतरवू देते.

सांगली-मिरज रस्त्याला अखंड पट्टा लागेलच असे नाही. बस जिथे खरोखर अडते त्या चौकाआधी शंभर मीटरचा तुकडा पुरतो. रांगेला वळसा घालून बस सिग्नलपाशी पुढे येते. विश्रामबागला असा तुकडा करायचा झाला, तर रंगाच्या डब्याआधी थांब्याच्या तोंडावरची रिक्षांची रांग पंचवीस पावले मागे न्यावी लागेल.