जुन्या फोटोत कोणी हसत का नाही?

"जुनी माणसं फार कडक. बघा ना, फोटोत एकजण हसत नाही." बेळगाव, निपाणी, खानापूरकडं सोप्यातल्या फोटोखाली हे हमखास ऐकू येतं. वर कारणही मिळतं: तेव्हा कॅमेऱ्यापुढं कितीतरी मिनिटं बसावं लागे, तेवढा वेळ हसणार कोण?

मिनिटांची गोष्ट खरी, पण ती १८३९ साली जाहीर झालेल्या, फ्रान्सच्या डागेरनं शोधलेल्या फोटो काढायच्या पद्धतीची. काही वर्षांतच ती वेळ सेकंदांवर आली. १८८० च्या सुमारास फोटो टिपायच्या, जिलेटिनचा थर दिलेल्या कोरड्या काचा रुळल्या आणि चांगल्या उजेडात सेकंदाचा अंशही पुरू लागला. आपल्या भिंतींवरचे फोटो बहुतेक त्यानंतरचे.

हसू अडवलं ते रीतीनं. आयुष्यात एक-दोनदाच, पैसे मोजून, परक्या माणसापुढं बसायचं, तर भारदस्तच दिसायला हवं.

आमच्या फोटोत आजोबा खुर्चीत, मांडीवर मुठी; आजीच्या इरकली लुगड्याचा पदर कपाळापर्यंत. आजी सांगायची, "गाडीतनं येताना ह्यांनी इतकं हसवलं बघ, आत गेल्यावरबी थांबंना. फोटोवाला रागावला, तवा तोंडं मिटली." ते आजोबा आम्हाला या फोटोनं कधी दाखवलेच नाहीत.

आणखी एक सलतं. आजोबांच्या विधवा बहिणीनं घरातली तिन्ही पोरं वाढवली, पण शुभकार्यासारखा मानलेल्या त्या दिवशी तिला घरीच ठेवलं. फोटोवरून आम्ही घरात पाच माणसं मोजत आलो. होती सहा.